व्हिडिओत उजेड लुकलुकतो, पट्टे सरकतात, मधेच चेहरा काळवंडतो: आधी दोषी कोण ते शोधा

घरच्या घरी फोनवर स्वतःचं शूटिंग करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होते: "डोळ्यांना सगळं नीट दिसतं, पण व्हिडिओत..." पुढे तीनपैकी काहीतरी एक येतं. उजेड सतत थरथरतो. किंवा चित्रातून काळपट पट्टे सरकत राहतात. किंवा बोलता बोलता चेहरा मधेच काळवंडतो आणि थोड्या वेळाने आपोआप उजळतो. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून माणूस रिंग लाइट मागवतो आणि ती आल्यावर लुकलुक कमी व्हायच्या ऐवजी वाढते. असं का होतं, ते पुढे येईल.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत घरून शिकवणी घेणारे, रेसिपी दाखवणारे, पेटी-तबल्याचे धडे देणारे बरेच जण आहेत. त्यातल्या काहींच्या क्लिपा एडिटिंगला माझ्याकडे येतात. सगळ्यांनी या तिन्ही तक्रारींना एकच नाव दिलेलं असतं, 'लाइटचा प्रॉब्लेम'. प्रत्यक्षात कधी दिवा दोषी असतो, कधी डोक्यावरचा पंखा आणि बऱ्याचदा खुद्द फोन. दोषी न शोधता सामान आणलं की पैसे पाण्यात. शोधायला मात्र एक रुपयाही लागत नाही.

आधी तीन छोट्या क्लिपा काढा

रोज जिथे बसता तिथेच, त्याच फ्रेममध्ये. पहिली क्लिप दिवसा: सगळे दिवे बंद, पंखा बंद, फक्त खिडकीचा उजेड. थोडा वेळ स्थिर बसा, मग हात हलवा, कॅमेऱ्यासमोर एखादा पांढरा कागद धरा, पुन्हा खाली ठेवा. दुसरी क्लिप पडदे ओढून किंवा रात्री: फक्त दिवे, पंखा अजूनही बंद. तिसरी: दिवे तसेच आणि पंखा सुरू.

पहिल्या क्लिपमध्येच चेहरा गडद-फिका होत असेल तर दिव्यांना बोल लावू नका, तो फोनचा उद्योग आहे. दुसरीत पट्टे दिसले तर दिवा. दुसरी स्वच्छ आणि तिसरी थरथरती असेल तर पंखा. तिन्हींत काही ना काही सापडलं तर तुमच्याकडे एकाहून जास्त गोष्टी एकत्र नांदताहेत. तेही सर्रास दिसतं. अशा वेळी एका खेपेला एकच गोष्ट बदलायची. एकदम चार सेटिंग्ज फिरवली आणि क्लिप सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात त्रास परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

क्लिप फोनच्या स्क्रीनवर नका तपासू. लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर लावा. आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बघू नका, मागच्या भिंतीकडे बघा. पांढऱ्या, रिकाम्या भिंतीवर पट्टे सगळ्यात आधी दिसतात.

दिव्याचे पट्टे आणि ५० हर्ट्झची भानगड

घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० पूर्ण आवर्तनं करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखर गाठतो. त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा वाढतो आणि उतरतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. जुन्या चोक-स्टार्टरच्या ट्यूबला हा आजार होताच. एलईडी आल्यावर तो संपला असं लोकांना वाटलं, पण एलईडी तर विजेच्या चढउताराला ट्यूबपेक्षाही झटपट प्रतिसाद देतो. चांगल्या दिव्यात आतला ड्रायव्हर हा चढउतार सपाट करून मगच वीज पुढे सोडतो. स्वस्त बल्बमध्ये नेमका तोच भाग कापलेला असतो. जुना पिवळा बल्ब या बाबतीत बरा म्हणायचा, कारण त्याची तार दोन शिखरांच्या मधल्या वेळात पुरती थंड होत नाही.

फोनचा सेन्सर अख्खं चित्र एका झटक्यात टिपत नाही. तो ओळीमागून ओळ वाचत जातो. काही ओळी वाचल्या तेव्हा उजेड शिखरावर होता, काहींच्या वेळी तळाला. त्या तळाच्या ओळी म्हणजे तुमचे काळपट पट्टे. हे ओळखायची एक हमखास खूण आहे. फोन आडवा ठेवून काढलं तर पट्टे आडवे दिसतात, उभा ठेवून काढलं तर उभे. फोन फिरवला की पट्टेही फिरले, तर निदान झालं. भिंतीवरची खरी सावली फोन फिरवल्याने दिशा बदलत नाही.

आता इलाज. प्रत्येक चित्रासाठी उजेड आत सोडणारं शटर जितका वेळ उघडं राहतं, तितक्या वेळात उजेडाचे पूर्ण ठोके (एक चढ-उतार म्हणजे एक ठोका) मोजून आत आले पाहिजेत. १/१०० सेकंद शटर ठेवलं तर बरोबर एक ठोका येतो, १/५० ठेवलं तर दोन. १/६० ठेवलं तर एक पूर्ण आणि दुसऱ्याचे दोन-तृतीयांश. तो अर्धवट ठोकाच पट्टा बनून दिसतो. १/६०, १/१२० हे आकडे, तसंच सेकंदाला ३० आणि ६० फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं), हे सगळं ६० हर्ट्झ वीज वापरणाऱ्या अमेरिकेकडून आलेलं आहे. आपल्याकडे दूरदर्शनचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं होतं. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झालं तेव्हाही पीएएल या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीमुळे तो आकडा २५ च राहिला. ५० हर्ट्झच्या देशात तोच सोयीचा होता. फोन मात्र जगभर विकले जातात आणि बहुतेक ३० वर लावलेलेच येतात.

"पण माझा फोन चांगला महागाचा आहे," असं यावर ऐकायला मिळतं. बरोबर आहे. हल्लीचे बरेच फोन लुकलुक ओळखतात आणि गुपचूप १/५० किंवा १/१०० वर जातात. तरीही पट्टे येतात, त्याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बाकी सगळा गोंधळ तिथून निघतो. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाचं छिद्र लहान-मोठं करता येतं. फोनमध्ये ते सहसा ठरावीक मापाचं असतं. उजेड जास्त झाला की फोनच्या हातात शटर उघडं राहण्याचा वेळ कमी करणं एवढंच उरतं. १/१०० वरही चित्र पांढरं पडत असेल तर तो १/२५० वर जातो, १/५०० वर जातो. तिथे पूर्ण ठोका मावत नाही आणि पट्टे हजर.

म्हणजे पट्टे येतात ते उजेड कमी पडला म्हणून नव्हे, बऱ्याचदा जास्त झाला म्हणून. सकाळी दहाला खिडकीतून ऊन आत येतंय, वर ट्यूबही सुरू आहे, त्यात रिंग लाइट पुढ्यात आणून ठेवली. फोनने शटर खाली आणलं, ट्यूबची लुकलुक उघडी पडली. ढगाळ दिवशी त्याच खोलीत, त्याच दिव्यांत क्लिप स्वच्छ येते आणि माणूस चक्रावतो. त्रास 'कधी कधी' होतो तो यामुळेच.

म्हणून पैसे न खर्च करता करायची पहिली गोष्ट: दिवसा शूट करायचं तर ट्यूब बंद. खिडकी पुरेशी असते, आणि सूर्य लुकलुकत नाही. रात्री शूट करायचं तर फक्त दिवे. दोन्ही एकत्र नकोत. एकत्र ठेवले तर आणखी एक बखेडा होतो: खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, आणि अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या.

सेटिंग्जचं थोडक्यात. आयफोनमध्ये 'सेटिंग्ज', मग 'कॅमेरा', मग 'रेकॉर्ड व्हिडिओ' इथे 'शो पीएएल फॉरमॅट्स' सुरू केलं की २५ फ्रेमचा पर्याय दिसू लागतो. तिथेच 'ऑटो एफपीएस' असतं, ते बंद करा, नाहीतर अंधार वाटला की फोन स्वतःहून फ्रेम कमी करतो. अँड्रॉइडमध्ये 'प्रो व्हिडिओ' असेल तर शटर हाताने १/५० ला ठेवा. नसेल तर 'ओपन कॅमेरा' नावाचं मोफत ॲप आहे. त्यात अँटी-बँडिंगला, म्हणजे पट्टे टाळण्याच्या सेटिंगला, ५० हर्ट्झ निवडता येतं. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हेही मोफत आहे आणि त्यात शटर हाताने बांधता येतं, फक्त नवख्या माणसाला त्याची स्क्रीन पाहून घाम फुटतो. लॅपटॉपच्या वेबकॅमवर शिकवणी घेत असाल तर कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी' शोधा. ती ६० वर असेल तर ५० करा, पुढे काही करावं लागत नाही.

स्लो मोशनवाल्यांना वेगळं सांगायला हवं. सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम म्हणजे शटर जास्तीत जास्त १/१२० किंवा १/२४० सेकंद उघडं. त्यात १/१०० मावणं शक्यच नाही. कढईतल्या फोडणीचा स्लो मोशन शॉट घरच्या ट्यूबखाली घ्याल तर लुकलुकणारच, कुठलंही सेटिंग वाचवणार नाही. तो दिवसा खिडकीजवळ घ्या. मात्र याच गोष्टीचा उलटा उपयोग होतो. नवीन बल्ब घेताना दुकानदार होल्डरला लावून दाखवतोच. तेव्हा फोन स्लो मोशनला लावून बल्बशेजारच्या भिंतीची छोटी क्लिप काढा. भिंत धडधडताना दिसली तर दुसरा बल्ब मागा. जांभळी नाक्याच्या गर्दीत दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू द्या. खोक्यावर काय लिहिलंय यापेक्षा ही परीक्षा जास्त खरी.

पीओपीचे दिवे आणि पंखा

नव्या फ्लॅटमध्ये हा प्रकार हमखास असतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये म्हणा, खारघरला म्हणा, हॉलमध्ये पीओपीचं छत, त्यात बसवलेले एलईडी पॅनल आणि त्यांच्या खाली लटकणारा पंखा. दिवे वर, पंखा खाली. पात्यांची सावली सतत खालच्या माणसाच्या अंगावरून फिरत राहते. पंखा मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला पाच झाल्या. पाती तीन. म्हणजे सेकंदाला १५ वेळा सावली येऊन जाते. ही थरथर डोळ्यांनाही दिसते, फक्त आपण तिकडे लक्ष देणं केव्हाच सोडून दिलेलं असतं. जुन्या घरांत ट्यूब भिंतीवर, पंख्याच्या पातळीखाली असायची, म्हणून तिथे हा त्रास कमी.

यात आयफोन, अँड्रॉइड, ५० हर्ट्झ, कशाचाच संबंध नाही. शटर काहीही ठेवा, सावली ती सावलीच. पंख्याच्या वरचे दिवे बंद करा आणि उजेड बाजूने, पंख्याच्या खालच्या उंचीवरून आणा. उभा लॅम्प, भिंतीवरचा दिवा, खिडकी, काहीही चालेल.

पंखाच बंद करणं सगळ्यात उत्तम, कारण त्याने आवाजही सुधारतो. पण ठाण्याच्या मे महिन्यात दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून कोण बोलणार? धडा पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून काढा आणि मधे पंखा लावा. टेबल फॅन चालतो, मात्र दिवा आणि चेहरा यांच्या मधे नको आणि माइकच्या तोंडावर नको. अशा उकाड्यात फोनचीही काळजी घ्या. ॲपल स्वतः आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरा म्हणतं. चार्जिंगला लावलेला फोन रिंग लाइटच्या मधोमध बसवून अर्धा तास रेकॉर्डिंग केलं की तो तापून स्क्रीन मंद करतो, कधी रेकॉर्डिंगच थांबवतो. लोकांना वाटतं मेमरी भरली.

फोन स्वतःच मत बदलतो तेव्हा

नौपाड्यात एक काकू पेटी शिकवतात. विद्यार्थी बाहेरगावी असल्यामुळे धडे रेकॉर्ड करून पाठवतात. फोन वरून, थेट पेटीच्या पट्ट्यांवर रोखलेला. "अरे, हात पेटीवर ठेवला की सगळं पांढरं फटक होतं, आणि हात उचलला की पुन्हा काळं. दिवा बदलून बघितला, ट्यूब बदलून बघितली," त्यांचं म्हणणं.

क्लिप पाहिली. पांढऱ्या पट्ट्यांनी फ्रेम भरलेली, म्हणून फोन म्हणतो उजेड फार आहे, चित्र जरा उतरवू. हात आला की बऱ्याच पांढऱ्या पट्ट्या झाकल्या जातात. आता फोन म्हणतो अंधार झाला, चढवू. हात ठेवला, पांढरं. हात काढला, काळं. काकूंचा दिवा अगदी नीट होता. आधी तर त्यांचं वायरमनलाही बोलावून झालं होतं.

"काकू, हात पेटीवर ठेवा आणि तसाच ठेवून दुसऱ्या हाताने स्क्रीनवर बोटांवरच दाबून धरा."

"किती वेळ?"

"'लॉक' असं येईपर्यंत."

आयफोनमध्ये पिवळ्या पट्टीत 'एई/एएफ लॉक' असं येतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं. यानंतर फोन उजेडाचं आणि फोकसचं आपलं मत बदलत नाही. खरी गोम आहे ती कशावर दाबायचं यात. रिकाम्या पेटीवर लॉक केलं असतं तर हात काळा आला असता. शूटिंगमध्ये जे दाखवायचं आहे ते जागेवर असताना, त्यावरच लॉक करायचं. स्वतः समोर बसणार असाल तर तुमच्या खुर्चीत घरातल्या कुणाला तरी बसवा, त्यांच्या चेहऱ्यावर लॉक करा, मग जागा बदला. एकटे असाल तर खुर्चीच्या पाठीला, चेहऱ्याच्या उंचीवर, रोजचा कुर्ता किंवा टॉवेल अडकवा. तो पांढरा नको, अंगाच्या रंगाच्या जवळपासचा घ्या.

लॉक केल्यावर उजेडाची छोटी पट्टी किंवा सूर्याचं चिन्ह येतं. ते बोटाने किंचित खाली ओढा. जरा गडद क्लिप एडिटिंगमध्ये उजळता येते. पांढरी पडलेली कपाळं आणि गाल परत येत नाहीत, तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते.

काही फोनमध्ये लॉक फोटोत होतं पण व्हिडिओत सुटतं. काहींत ॲप बंद करून उघडलं की जातं. म्हणून दर रेकॉर्डिंगच्या आधी ते पुन्हा करायची सवय लावून घ्या. 'गेल्या आठवड्यात तर ठीक होतं'वाल्या तक्रारींचं उत्तर बहुतेक इथेच असतं.

रंगाचंही तसंच. पिवळी साडी नेसून एक क्लिप, मग हिरवा पदार्थ समोर आला की चेहरा गुलाबी. हे व्हाइट बॅलन्सचं स्वतःहून फिरणं. प्रो मोडमध्ये ते एका आकड्यावर बांधा. दिवसाच्या उजेडाला ५५०० केल्व्हिनच्या आसपास, पिवळ्या बल्बला ३००० च्या आसपास. ब्युटी फिल्टर बंद. तो चालू असेल तर चेहरा फ्रेममध्ये आला-गेला की त्वचा दर वेळी वेगळी दिसते आणि दोष पुन्हा बिचाऱ्या दिव्यावर जातो.

खिडकी पाठीमागे घेऊन बसणाऱ्यांना मी एकच सांगतो, वळा. दहाव्या मजल्यावरून येऊरचे डोंगर मागे दिसावेत हे मान्य, पण मग फोन डोंगर आणि चेहरा यांत सारखा हेलकावे खातो. एकतर डोंगर दाखवा, नाहीतर चेहरा.

पावसाळा, ग्रिल आणि ताडपत्री

जून ते सप्टेंबर खिडकीच्या भरवशावर शूट करणाऱ्यांचे हाल असतात. एका धड्याच्या दहा मिनिटांत ढग दोनदा येऊन जातो. लॉक केलेलं असेल तर खोली खरोखरच अंधारते, न केलेलं असेल तर फोन सावरायला धावतो आणि उजेड डचमळतो. माझं मत विचाराल तर लॉक ठेवाच. खरा ढग आल्यासारखं दिसलेलं बघणाऱ्याला खटकत नाही, फोनची धावपळ खटकते. ज्यांना रोजचं काम आहे त्यांनी या चार महिन्यांत सरळ पडदा ओढून दिव्यावर काम करावं.

वाशी-नेरूळच्या जुन्या सिडकोच्या इमारतींमध्ये एक खास प्रकार पाहायला मिळतो. खिडकीला पुढे आलेलं बॉक्स ग्रिल, त्यात तुळस-कोरफडीच्या कुंड्या, आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून बांधलेलं प्लास्टिक. अर्धपारदर्शक प्लास्टिक ताणून बांधलेलं असेल तर ते फुकटचं डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा आहे, उजेड इतका मऊ येतो की विकतच्या सॉफ्टबॉक्सची गरज पडत नाही. पण खालची दोरी सुटलेली असली की वाऱ्यावर ते फडफडतं आणि चेहऱ्यावरचा उजेड पाण्यासारखा हलतो. क्लिपमध्ये हे अगदी दिव्याच्या बिघाडासारखं दिसतं. निळी ताडपत्री असेल तर चेहराही निळा. दोरी बांधा, ताडपत्री शूटिंगपुरती बाजूला सारा.

क्षणभर मंद होणारा दिवा

पट्टे नाहीत, थरथर नाही, पण अधूनमधून सगळा उजेड एकदम क्षणभर उतरतो आणि पूर्ववत होतो, असं असेल तर घड्याळ बघा. सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होण्याची वेळ, घरातल्या फ्रिजचा किंवा एसीचा कॉम्प्रेसर चालू होणं, यांनी क्षणभर व्होल्टेज उतरतं. साधे ड्रायव्हरवाले बल्ब ते लगेच दाखवतात. फ्रिज तेवढ्या वेळापुरता बंद ठेवता येतो, मात्र पुन्हा लावायला विसरू नका. हेच घरातल्या इतर दिव्यांनाही वारंवार होत असेल, स्विच गरम लागत असेल किंवा बोर्डातून चरचर येत असेल तर व्हिडिओचा विषय बाजूला ठेवा आणि वायरमनला बोलवा. ते सैल जोडणीचं लक्षण असू शकतं आणि त्यात आगीचा धोका असतो.

रिंग लाइट घेतलीच असेल तर

यूएसबीवरची रिंग लाइट ५० हर्ट्झवर लुकलुकत नाही, तिला डीसी मिळतं. पण उजेड कमी करायला तिच्यातलं सर्किट दिवा झपाट्याने चालू-बंद करतं. उजेड जितका मंद, तितका बंदचा काळ जास्त, तितके पट्टे ठळक. पॉवर बँकेवर लावल्याने यात फरक पडत नाही, कारण हे तिच्या आतच होतं. उपाय सोपा: उजेड पूर्ण ठेवा, डोळ्यांना खुपत असेल तर लाइट लांब न्या किंवा तिच्यापुढे बटर पेपर लावा. तापणाऱ्या भागाला कागद टेकू देऊ नका. चश्मा लावणाऱ्यांनी लाइट डोळ्यांच्या रेषेवरून वर आणि बाजूला सरकवावी, नाहीतर दोन्ही काचांत दोन चकत्या बसतात.

क्लिप काढून झाली आहे, आता काय?

पट्टे आलेली क्लिप थोडी सावरता येते. 'दा विंची रिझॉल्व्ह' या एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये 'डीफ्लिकर' आहे, पण ते विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत. फुकटात करायचं तर ही युक्ती वापरून बघा. थर लावता येणाऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये तीच क्लिप एकावर एक अशी तीन वेळा ठेवा. मधली एक फ्रेम पुढे सरकवा, वरची दोन फ्रेम. खालची १०० टक्के अपारदर्शक, मधली ५०, वरची ३३. सेकंदाला ३० फ्रेमने काढलेल्या क्लिपमध्ये ५० हर्ट्झच्या दिव्याचा नक्षीक्रम दर तीन फ्रेमनंतर पुन्हा तोच येतो. त्यामुळे लागोपाठच्या तीन फ्रेमची सरासरी घेतली की काळा-पांढरा भाग एकमेकांना खोडून काढतात. ६० फ्रेमच्या क्लिपलाही हे लागू पडतं. २५ फ्रेमच्या क्लिपला नाही, कारण तिथे पट्टे सरकतच नाहीत, एका जागी बसलेले असतात आणि सरासरीनेही तसेच राहतात. आवाजाचा ट्रॅक मात्र एकच ठेवा, तीन ठेवले तर घुमल्यासारखं ऐकू येतं.

तसंच, फोनचे व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचे असतात. थर लावण्याआधी क्लिप 'हँडब्रेक' या मोफत प्रोग्राममध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या, नाहीतर तीन फ्रेमचं गणित मधेच चुकतं. लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फाकत जाण्याचा त्रासही याने जातो.

बसून बोलणाऱ्या माणसाला ही युक्ती छान लागू पडते. हात भराभर चालत असतील, पेटीवर, पोळपाटावर, सुईदोऱ्यावर, तर मात्र बोटांना भुतासारख्या सावल्या फुटतात आणि पट्टे परवडले असं वाटतं. काकूंच्या जुन्या धड्यांमध्ये अलंकारांचे असे भाग होते. ते दुरुस्त करत बसलो नाही. बोलण्याचे तुकडे सावरून ठेवले आणि बोटं दाखवणारे तेवढे त्यांनी सकाळी खिडकीशी बसून, ट्यूब बंद ठेवून, पुन्हा वाजवून दिले.